बॅकअप पिस्तुलाची निवड: ‘बग’ विभागातली मापं, मॅगझिन आणि पेटीचा वाद

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या क्लबात आयडीपीएच्या (इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन, स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांच्या स्पर्धा घेणारी संस्था) नियमांनुसार बॅकअप गनची, म्हणजे शूटर जिला ‘बग’ म्हणतात तिची, मॅच आहे. त्यांच्याकडे ग्लॉक ४३एक्स आहे आणि सिग पी३६५ घ्यायचा विचार चालू आहे. क्लबातल्या मित्रांचं म्हणणं असं की पिस्तूल ज्या पेटीत मावायला लागतं त्या पेटीचं माप आता जुनं झालं, ४३एक्ससारखी पिस्तुलं चालायलाच हवीत. तर ४३एक्स का अडतं, घ्यायचं तर कोणतं घ्यावं, आणि एच-१बी व्हिसावर आलेल्या भाच्याला हेच पिस्तूल देऊन मॅचला उभं करता येईल का, असे तीन प्रश्न आहेत.

थोडक्यात उत्तर: ४३एक्स उंचीमुळे अडतं. त्याची जागा ‘सीसीपी’, म्हणजे कॉम्पॅक्ट कॅरी पिस्तूल विभागात आहे. पी३६५ मूळच्या दहा काडतुसांच्या मॅगझिनसकट ‘बग’मध्ये बसतं. पण फक्त या विभागासाठी नवं घेणार असाल तर माझं मत जाडजूड ग्लॉक २६ ला. भाच्याला पिस्तूल देऊ नका. त्याचं कारण शेवटी येईल.

आता मापं. आयडीपीए १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि पिस्तुलाचा आकार पेटीत घालून तपासायचा हा तिचा जुना रिवाज. २०१७ च्या नियमपुस्तकातली मापं इथे धरतो. मॅचला जाण्याआधी चालू आवृत्ती उघडून ताडून घ्या, कारण आवृत्त्या बदलतात. मोठ्या विभागांची पेटी ८ ३/४ × ६ × १ ५/८ इंच. सीसीपीची ७ ३/४ × ५ ३/८ × १ ३/८ इंच. ‘बग’ची ६ १/२ × ४ ५/८ × १ ३/८ इंच, म्हणजे मिलिमीटरमध्ये साधारण १६५ × ११७.५ × ३५. शिवाय ‘बग’मध्ये सेमी-ऑटो पिस्तुलाची नळी ३ १/२ इंचांपेक्षा लांब नको, रिव्हॉल्व्हरची २ १/२ इंचांपेक्षा लांब नको, सेमी-ऑटोला किमान .३८० आणि रिव्हॉल्व्हरला किमान .३८ स्पेशल कॅलिबर हवं.

पिस्तूल पेटीत जातं ते मॅगझिनसकट, आणि तेही तुम्ही वापरणार असाल त्यातल्या सर्वांत मोठ्या मॅगझिनसकट. बहुतेक जण इथेच फसतात. दुकानात नळीची लांबी विचारून लोक निश्चिंत होतात, आणि मॅचच्या सकाळी पेटीचं झाकण बसत नाही.

४३एक्सचंच बघा. नळी ८७ मिमी, म्हणजे ३.४१ इंच, मर्यादेच्या आत. लांबी १६५ मिमी, म्हणजे अगदी काठावर. उंची मात्र १२८ मिमी. पेटी ११७.५ ची. दहा मिलिमीटर जास्त, विषय संपला. साधं ग्लॉक ४३ त्याच नळीचं, पण उंची १०८ मिमी, म्हणून ते बसतं. दोघांत फरक मुठीचा आहे, आणि पेटी नेमकी मूठच मोजते. पी३६५ ची नळी ३.१ इंच, लांबी ५.८ इंच, उंची ४.३ इंच; दहाचं मॅगझिन लावून व्यवस्थित बसतं. त्याचं मोठं भावंड पी३६५ एक्सएल दोन्हीकडून बाद: नळी ३.७ इंच आणि उंची ४.८ इंच. एक्सएलच्या मुठीत बाराचं मॅगझिन तळाशी सपाट बसतं. तेच बाराचं मॅगझिन छोट्या पी३६५ ला लावलं की उंची एक्सएलएवढी होते आणि छोटं पिस्तूलही पेटीबाहेर जातं. न्यू जर्सीत मॅगझिनची मर्यादा दहाचीच असल्यामुळे तुमच्यापुरता हा प्रश्न कायद्यानेच मिटवलाय. पेनसिल्व्हेनियातून येणाऱ्या मित्रालाही हे सांगून ठेवा.

स्मिथ अँड वेसनच्या शील्ड पिस्तुलाची जाहीर उंची ४.६ इंच आहे आणि पेटी ४.६२५ ची. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक. नेम धरायची मूळ साइट काढून उंच साइट बसवली असेल किंवा मॅगझिनच्या तळाला रबरी टोपी लावली असेल तर ती मोकळीक गेली. ग्लॉक २६ ची उंची १०६ मिमी, म्हणून तिथे अकरा मिलिमीटर हाताशी राहतात. पण ग्लॉक १९ किंवा १७ चं लांब मॅगझिन २६ मध्ये चालतं म्हणून कोणी ते जादा मॅगझिन म्हणून पट्ट्याला लावू नये. पिस्तुलात घातल्यावर पेटीत मावत नसेल तर ते मॅगझिन या विभागात वापरायचंच नाही.

घरी तपासायचं तर सोपं आहे. जाड पुठ्ठ्याची किंवा फोमबोर्डाची पेटी करा, आतलं माप १६५ × ११७.५ × ३५ मिमी, आणि माप चिकटवल्यानंतर पुन्हा घ्या, कारण कोपऱ्यांत डिंक साचला की मिलिमीटरभर जागा जाते. खोलीतून सगळी काडतुसं बाहेर, मॅगझिन रिकामं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण पुढे, मॅगझिन आत, नळी तळाला समांतर. दाबून बसवावं लागत असेल तर ते बसत नाही असंच धरा. तपासणीला तुमच्या पिस्तुलासाठी कोणी जोर लावणार नाही. मग तुमच्याकडची सगळी मॅगझिनं एकेक लावून बघा. रुंदीकडेही लक्ष द्या. मूळ पिस्तूल ३५ मिमीत सहज जातं, पण दोन्ही बाजूंचे वाढीव स्लाइड स्टॉप किंवा मोठं बटण लावलेलं असेल तर तिथेच अडकतं.

आता मित्रांचा मुद्दा. तो बिनबुडाचा नाही. ही मापं ठरली तेव्हा खिशातलं नाइन एमएम म्हणजे सहा-सात काडतुसांचं एकपदरी मॅगझिन, शील्ड (२०१२) किंवा ग्लॉक ४३ (२०१५) यांसारखं. पी३६५ २०१८ मध्ये आलं आणि तेवढ्याच अंगात दहा काडतुसं मावू लागली. मग २०१९ मध्ये ४३एक्स आणि एक्सएल आली, आणि मुठी पुन्हा लांब झाल्या, कारण लोकांना पूर्ण पंजा टेकवायचा होता. आज ‘लहान पिस्तूल’ म्हटलं की दुकानदार पुढे ठेवतो ते बरेचदा पेटीबाहेरचं असतं. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, नियम बाजाराच्या मागे राहिला.

तरी माझं मत पेटी आहे तशीच राहावी असं आहे. बॅकअप म्हणजे मुख्य पिस्तूल हाताशी नसताना काढायचं दुसरं शस्त्र. मूठ पूर्ण असलेलं ४३एक्स लोक मुख्य पिस्तूल म्हणून बाळगतात, आणि त्यासाठी सीसीपी विभाग २०१५ च्या नियमपुस्तकापासून आहेच. ‘बग’ची पेटी अर्ध्या इंचाने वाढवली तर दुसऱ्याच दिवशी सगळे ४३एक्स आणि एक्सएल घेऊन येतील, आणि ग्लॉक २६, पी३६५, पाच फैरींचं रिव्हॉल्व्हर यांना उरलेली एकमेव जागा जाईल. तीन बोटांची पकड मिळाली की दुसरी गोळी किती लवकर जाते हे ज्याने दोन्ही चालवलंय त्याला वेगळं सांगायला नको. विभागाचा कस तेवढ्याच मुठीत आहे, आणि म्हणूनच तो शूटिंगचा अस्सल कस आहे.

नळीच्या मर्यादेबद्दल मात्र मी इतका आग्रही नाही. सेमी-ऑटोला साडेसहा इंचांची पेटी लांबी आधीच बांधून घालते, त्यामुळे साडेतीन इंचांची अट काढली तरी फारसं काही बदलणार नाही. रिव्हॉल्व्हरच्या अडीच इंचांवर वाद करायला खरी जागा आहे. तीन इंच नळीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरला इजेक्टर रॉड, म्हणजे पुंगळ्या ढकलून काढणारा दांडा, लांब मिळतो आणि रिकाम्या पुंगळ्या पूर्ण बाहेर पडतात. पावणेदोन-दोन इंचांच्या नळीखाली रॉड आखूड पडतो आणि पुंगळ्या अर्ध्यावर थांबतात. तीन इंचवाल्यांना आत घ्या असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. मूठ वाढवा म्हटलं तर नाही.

निवडीकडे येऊ. स्पर्धेत हलकेपणा काही कामाचा नाही, दिवसभर कमरेला बाळगायचंय थोडंच. नियमात बसणारं सर्वांत वजनदार आणि नळी मर्यादेच्या जवळ जाणारं पिस्तूल घ्यावं. ग्लॉक २६ ची नळी ३.४३ इंच, रिकाम्या मॅगझिनसकट वजन साडेएकवीस औंसांच्या आसपास. पी३६५ पावणेअठरा औंस. हा पावणेचार औंसांचा फरक पाचव्या फैरीला जाणवतो. २६ ची मूठ जाड आहे, ती तळहात भरते आणि पिस्तूल हातात फिरू देत नाही. हात लहान असेल आणि चापावर बोटाचं पहिलं पेर नीट पोचत नसेल तरच पी३६५ कडे वळा. उलट हात मोठा आणि पिस्तूल बारीक असेल तर बोट चापात खोल जातं आणि फैर दाबताना नळी बाजूला ढकलली जाते. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या एकाच बाजूला सरकू लागल्या तर साइट ठोकत बसण्याआधी बोट किती आत जातंय ते पाहा.

छोट्या पिस्तुलाचे तीन त्रास सगळ्यांना होतात. पहिला: स्लाइड शेवटच्या फैरीनंतर मागे अडकत नाही. दहांतल्या नऊ वेळा पिस्तूल बरोबर असतं, आधाराच्या किंवा मुख्य हाताचा अंगठा स्लाइड स्टॉपवर पडलेला असतो. मोठ्या पिस्तुलावर अंगठे पुढे टेकवायची सवय असते; इथे तेवढी जागाच नसते. मुख्य हाताचा अंगठा किंचित वर उचलून दुसऱ्या अंगठ्याच्या पाठीवर ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

दुसरा त्रास रिलोडचा. मॅगझिन वर ढकलताना तळहाताच्या कडेचं, करंगळीखालचं मांस मुठीच्या काठाखाली लोंबत असतं. मॅगझिनचा तळ आणि मुठीचा काठ या दोहोंत ते चिमटतं, मॅगझिन एक-दोन मिलिमीटर खाली राहतं आणि पूर्ण अडकत नाही. चेंबरमध्ये काडतूस आधीच असेल तर पहिली फैर जाते; दुसऱ्या वेळी नुसता टक आवाज येतो, आणि कधी मॅगझिन पायाशी पडतं. उपाय असा: मॅगझिन आत शिरताना मुख्य हाताची करंगळी आणि तळव्याची कड क्षणभर सैल करून मागे घ्यायची, मॅगझिन तळव्याने ठोकायचं आणि मग पकड पुन्हा आवळायची. हे घरी रिकाम्या पिस्तुलावर, काडतूस नसलेल्या मॅगझिनने, हळू हळू इतकं करा की हात न विचारता करेल. करंगळीसाठी पुढे टोक असलेली तळपट्टी पकडीला बरी, पण चिमटा तीच जास्त काढते. आणि पेटीतली उंची बघायला विसरू नका.

तिसरा त्रास अडकण्याचा. हलकी स्लाइड आणि कडक स्प्रिंग यामुळे या पिस्तुलांना चुकीची फार सूट नसते. मनगट ढिलं राहिलं की पिस्तुलाचं अंगही स्लाइडबरोबर मागे जातं, स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर उरत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. रिकॉइल स्प्रिंग निर्मात्याच्या पुस्तिकेत जितक्या फैरींनी बदलायला सांगितली असेल तितक्यांनी बदला. छोट्या पिस्तुलांत ती मोठ्यांपेक्षा लवकर थकते.

रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. स्मिथ अँड वेसन ६४२ किंवा रूगर एलसीआर, दोन्हींच्या नळ्या पावणेदोन ते दोन इंचांच्या आत, वजन तेरा ते पंधरा औंस, पाच फैरी. रिलोडला नळी आभाळाकडे सरळ उभी धरून रॉडवर तळव्याने एकच जोरदार ठोसा द्यायचा. हळू दाबलं किंवा नळी आडवी ठेवली की पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली शिरते, आणि ती नखाने काढेपर्यंत स्टेज, म्हणजे मॅचचा तो टप्पा, हातची जाते. एवढ्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून पुढे सरकूही शकते. जास्त पुढे आली तर सिलिंडर फिरायचा थांबतो. मॅचला नेणार असाल त्या काडतुसाने चार फैरी मारा आणि पाचवं काडतूस बाहेर काढून व्हर्नियरने लांबी आधीच्या मापाशी ताडा. वाढली असेल तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी नको.

नेमाचं गणित एकदा डोळ्यांखालून घाला. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ग्लॉक १९ वर साधारण १५३ मिमी असतं, छोट्या पिस्तुलावर १३० च्या आसपास. दहा यार्डांवर, साइट दीड मिलिमीटर चुकली तर १५३ वर गोळी ९० मिमी सरकते, १३० वर १०५ मिमी. आयडीपीएच्या टार्गेटचं मधलं शून्य वर्तुळ, जिथे लागलं तर गुण जात नाही, आठ इंच व्यासाचं, म्हणजे त्रिज्या १०१.६ मिमी. तीच चूक एका पिस्तुलावर आरामात शून्यात पडते, दुसऱ्यावर रेषेवर लोंबकळते. २०१७ पासून प्रत्येक हुकलेल्या गुणाला पूर्ण एक सेकंद धरतात, आधी अर्धा होता. घाईने वाचवलेले दोन दशांश सेकंद इथे कवडीमोल आहेत. पुढच्या साइटला उजळ रंग लावा, मागची काळीच ठेवा.

तुमचं ४३एक्स वाया जात नाही, ते सीसीपीत न्या. पण तिथे पॉवर फॅक्टर १२५ लागतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. ११५ ग्रेनला १,०८७ फूट, १२४ ला १,००९, १४७ ला ८५१ हवेत. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा चार इंच किंवा त्याहून लांब नळीतला असतो, तुमची ३.४१ ची. ११५ ग्रेनचं स्वस्त, मऊ काडतूस अशा नळीतून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, कमी पडू शकतं. १२४ ग्रेनचं घ्या आणि स्वतःच्या पिस्तुलातून दहा फैरी मोजून बघा. सरासरी किमान मर्यादेच्या तीन-चार अंक वर हवी, कारण थंडीत वेग उतरतो.

होल्स्टरबद्दल एकच गोष्ट. आखूड नळीचं पिस्तूल आखूड होल्स्टरमध्ये घातलं की सगळा भार पट्ट्याच्या वर येतो आणि मूठ बाहेर कलते. ग्लॉक २६ बहुतेक खालून उघड्या ग्लॉक १९ च्या होल्स्टरमध्ये बसतं, तेच घ्या. लांब अंग पट्ट्याखाली जाऊन पिस्तूल ताठ ठेवतं. पायाला किंवा खांद्याला लावायची होल्स्टर आयडीपीएत चालत नाहीत, बॅकअप गन असली तरी.

सरावाला आयडीपीएचा पाच-बाय-पाच क्लासिफायर, म्हणजे शूटरची श्रेणी ठरवणारी चाचणी, उत्तम. एक टार्गेट, दहा यार्ड, पंचवीस फैरी: होल्स्टरमधून पाच, मग फक्त मुख्य हाताने पाच, मग पाच, रिलोड, पाच, शेवटी चार छातीत आणि एक डोक्यात. पाच-पाच फैरींचं हे गणित पाच फैरींच्या रिव्हॉल्व्हरलाही परवडतं, त्यामुळे ‘बग’साठी हा सराव उपयोगी पडतो. मॅगझिनमध्ये किती भरायचं ते नियमपुस्तकात आणि मॅचच्या सूचनेत बघा. दहा मावतात म्हणून दहा भरू नका, जादा काडतुसाला दंड बसतो. मॅगझिनांवर आकडे टाका, मॅचच्याच काडतुसाने दोनशे फैरी मारा, आणि अडकलं तर कोणत्या आकड्याचं मॅगझिन होतं ते लिहा. तेच मॅगझिन दुसऱ्यांदा अडकलं की ते सरावालाच ठेवा.

भाच्याचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, आणि एच-१बी त्यातलाच, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. सर्वांत नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेही ‘बाळगणं’ ठरू शकतं, आणि देणारा तुम्ही असल्यामुळे तुम्हीही अडकाल. याचा परिणाम त्याच्या पुढच्या इमिग्रेशनवरही होऊ शकतो. न्यू जर्सीचे हँडगनचे नियम त्यावर आणखी वेगळे. इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाचं लेखी मत हातात येईपर्यंत त्याला प्रेक्षक म्हणून न्या, कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा लावून.

तो पुण्याला परतून हाच खेळ खेळेन म्हणत असेल तर तेही आत्ताच सांगा: भारतात नाइन एमएम सामान्य परवान्यावर मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या कॅलिबरमध्ये, येतं, आणि परवान्यावर मिळणारं .३२ आयडीपीएच्या .३८० च्या किमान अटीखाली राहतं. तिकडे स्पर्धेचा रस्ता आयएसएसएफचा, म्हणजे ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा. २५ मीटरच्या पिस्तुलालाही तिथे पेटी आहेच, ३०० × १५० × ५० मिमीची.